कन्सॉर्शियमचे पंधरा महिने: पैसे वाचले, पण तो भागाकार काही पचला नाही

मी कॉलेजची ग्रंथपाल. मंगळवारी सकाळी सव्वादहाला रसायनशास्त्राच्या सरांचा फोन आला. "मॅडम, पेपर उघडत नाहीये. पैसे भरले नव्हते का आपण?" भरले होते, जर्नलांच्या ऑनलाइन वर्गणीचे. दोन महिने आधी, अकाउंट्सच्या दारात बसून, सही घेऊनच उठले होते. तोच पेपर मी माझ्या टेबलावरून उघडून पाहिला तर पडद्यावर एवढंच: या पत्त्यावरून प्रवेश तात्पुरता थांबवला आहे. साडेअकरापर्यंत नऊ फोन झाले. दुपारी कुणीतरी संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'लायब्ररीने जर्नलं बंद केली' असं टाकूनही दिलं.

हा अनुभव त्याच दिवशी लिहिणार होते. लिहिला असता तर त्यात चिडचिडीशिवाय काही नसतं. नंतरच्या तीन आठवड्यांत माझी दोन मतं उलटी झाली आणि एक जास्तच पक्कं झालं, म्हणून आता लिहिते. कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे जर्नलं एकत्र मिळून घेणाऱ्या संस्थांच्या गटात, येऊन पंधरा महिने झालेत. एक पूर्ण वर्गणी-वर्ष आणि एक रिन्यूअल पाहून झालं आहे. एकत्र घेतलं की स्वस्त कसं पडतं, हे मी सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्मे त्यातच पोळलेले असणार.

आधी ती मंगळवारची गोष्ट संपवते. पीएचडीच्या एका मुलाने संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाची अख्खी यादी टाकली, सगळ्या पीडीएफ आणायचं बटण दाबलं आणि झोपायला गेला. रात्री १.४० ते ४.१० या अडीच तासांत १,९०० लेख उतरले. दर पाच सेकंदांना एक. असं कुणी वाचत नाही हे प्रकाशकाच्या यंत्रणेला बरोबर कळतं, आणि पद्धतशीर डाउनलोडला अशा परवान्यांत मनाई असते. त्यांनी आमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बंद केला. आमचं सगळं आवार बाहेर पडतं एका आयपीतून, आणि घरून येणारेही प्रॉक्सीतून (आमच्या मधल्या सर्व्हरमधून) त्याच पत्त्यावर येतात. त्यामुळे एकाच्या हौसेपायी कुलूप अख्ख्या वाड्याला लागलं. त्या मुलाला नंतर विचारलं तर म्हणाला, "आपण पैसे भरलेत ना मॅडम? मग घ्यायला काय हरकत?" याचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला आणि ते त्याला पटलं असं काही वाटलं नाही.

खरा वैताग पुढे. प्रकाशकाच्या मदतकक्षाचं म्हणणं: करार तुमच्याशी नाही, कन्सॉर्शियमशी आहे, त्यांच्यामार्फत या. कन्सॉर्शियमच्या मदतकक्षाचं म्हणणं: ब्लॉक प्रकाशकाने केलाय, तांत्रिक बाब आहे, त्यांच्याशी बोला. तिकीट क्रमांक मात्र दोघांनी तत्परतेने दिला. बुधवार असाच गेला, गुरुवारही. थेट वर्गणी होती तेव्हा निदान भांडायला एक माणूस तरी होता. इथे करार एकाशी, पैसे दुसऱ्याकडे आणि कुलूप तिसऱ्याच्या हातात.

गुरुवारी संध्याकाळी मी आमच्यासारख्याच एका सभासद संस्थेच्या ग्रंथपालांना फोन केला, खरं तर रडायलाच. ते शांतपणे म्हणाले, "तिकिटाच्या नादी लागू नका. परवाना-सुरक्षेचा वेगळा पत्ता असतो, तो देतो. मेलमध्ये तीनच गोष्टी लिहा. कोण होता ते शोधलंय, त्याचं खातं थांबवलंय, उतरवलेल्या फायली पुसून घेतल्यात." शुक्रवारी अकराला मेल गेला, दोनला सगळं उघडलं. पाच मिनिटांच्या त्या फोनला माझ्याकडून पाच तारे. मदतकक्षाला किती द्यायचे ते ओळखा. (कोण होता ते आम्ही शोधू शकलो कारण आमच्या आयटीवाल्याने प्रॉक्सीच्या नोंदी पुसल्या नव्हत्या. तुमच्याकडे त्या किती दिवस राहतात ते आजच विचारून ठेवा.)

त्या चार दिवसांत रागारागाने मी बिल काढून बसले. आपण नेमके किती पैसे मोजतोय या अपमानासाठी, ते बघायला. तिथून या लेखाची खरी गोष्ट सुरू होते, कारण बिलात एक ओळ आहे जी मला पंधरा महिने टोचते आहे. 'सभासद हिस्सा: विद्यार्थिसंख्या-टप्पा क.'

आधी न्याय्य बोलते. एकूण व्यवहार फायद्याचा आहे, यात वाद नाही. थेट घेत होतो तेव्हा आमच्याकडे ११ ई-जर्नलं होती. जेमतेम सव्वापट पैशांत आता १,४१२ आहेत. असा घाऊक गठ्ठा १९९६ साली अॅकॅडेमिक प्रेसने पहिल्यांदा विकायला काढला, आणि त्याला 'बिग डील' हे नाव २००१ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयांचे संचालक केनेथ फ्रेझियर यांनी दिलं. तेही कौतुकाने नव्हे, ग्रंथालयांनी यात पडू नये हे सांगताना. त्यांचा मुद्दा साधा होता: नको असलेल्या शीर्षकांसकट गठ्ठा घेतलात की पुढे हवं तेवढंच ठेवायची मोकळीक राहत नाही. आमच्या १,४१२ पैकी १,०२४ शीर्षकांवर गेल्या वर्षभरात एकसुद्धा क्लिक नाही. पण उरलेली ३८८ सुटी घ्यायला गेले तर आमचं सगळं बजेट त्यातल्या पन्नासेक शीर्षकांत संपेल. म्हणून गठ्ठा. आवडो न आवडो.

तर टप्पे. आमचं कन्सॉर्शियम प्रकाशकाशी एक एकूण रक्कम ठरवतं आणि ती सभासदांत विद्यार्थिसंख्येच्या टप्प्यांनुसार वाटतं. एक हजारापर्यंत अ, तीन हजारांपर्यंत ब, त्यावर क. आमची संख्या ३,१४०. म्हणजे १४० डोक्यांपायी आम्ही सहा-सात हजारांच्या संस्थांच्या रांगेत. ब आणि क मधला फरक एवढा आहे की त्यात माझं छापील पुस्तकांचं एका सत्राचं बजेट बसेल. हे १४० जण मी वर्षभर मनातल्या मनात मोजलेत. वाचनालयात कुणी खुर्चीवर झोपलेला दिसला की वाटायचं, हा त्या एकशेचाळिसातला.

डोकी मोजणं हीच मुळात चूक, असं माझं पक्कं मत होतं. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं पाठ्यपुस्तकाबाहेर काही उघडत नाहीत आणि जर्नलं चालतात ती पीएचडीच्या आणि प्राध्यापकांच्या जोरावर. मग वापरावर वाटा ठरवा ना! ज्याने जितकं खाल्लं त्याने तितकं भरावं. सभासदांच्या बैठकीत मी हे दोनदा मांडलं, दोन्ही वेळा 'विचार करू' असं उत्तर मिळालं, आणि मी समजले की मोठ्या संस्था अडवतायत.

ब्लॉकनंतर मात्र मी वापराचे आकडे नीट उघडले आणि माझंच मत मला गिळावं लागलं.

पहिलं म्हणजे वापर मोजायचा कसा? काउंटर नावाचा जो आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, त्याच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत एकाच लेखाचं एचटीएमएल पान उघडलं आणि मग पीडीएफ उतरवली तर दोन वापर धरले जात. काही प्लॅटफॉर्म आधी एचटीएमएल दाखवायचेच, म्हणजे त्यांचा आकडा आपोआप फुगायचा. जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीने 'युनिक आयटम रिक्वेस्ट' आणली. एका बैठकीत तोच लेख कितीदा आणि कशातही उघडा, मोजणी एक. चांगली सुधारणा आहे, मी तिची भक्त आहे. पण आमच्या गठ्ठ्यातला एक छोटा प्लॅटफॉर्म अजून स्वतःच्या मनाने बनवलेली एक्सेल पाठवतो, ज्यात 'हिट्स' असा रकाना आहे. हिट्स म्हणजे काय हे विचारलं तर पुन्हा तीच एक्सेल येते. असल्या आकड्यांवर मी पैसे वाटून घेणार होते!

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. त्या एका रात्रीचे १,९०० डाउनलोड. वापरावर हिस्सा असता तर पुढच्या वर्षी त्या झोपलेल्या पोराने आमच्या संस्थेचं बिल वाढवून ठेवलं असतं. आणि तो अपघात सोडा. गेल्या वर्षी मी सात विभागांत जाऊन डेटाबेस कसा वापरायचा याच्या कार्यशाळा घेतल्या, घरून लॉगिन कसं करायचं याचे कागद दारोदार चिकटवले, आणि वापर दुपटीला टेकला. वापरागणिक पैसे असते तर हेच काम मला महागात पडलं असतं. मग मी काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. कागद चिकटवलेच नसते. काटकसरी माणसाच्या हातात असा फॉर्म्युला देऊ नये, हे मी स्वतःच्या ओळखीवरून सांगते.

मग बाकीचे रस्ते काय आहेत ते बघितलं. सुरुवातीच्या बिग डीलमध्ये हिस्सा ठरायचा तो आधी कोण किती छापील जर्नलं घेत होतं त्यावर. म्हणजे नव्वदच्या दशकात ज्या ग्रंथपालाने सढळ हाताने वर्गण्या भरल्या, त्याचे वारसदार पुढची कितीतरी वर्षं त्याची शिक्षा भोगत राहिले. ती छापील जर्नलं केव्हाच बंद झाली तरी आकडा तोच, वर दरवर्षी काही टक्के वाढ. काही ठिकाणी पैसा वरूनच येतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या ओहायोलिंक या कन्सॉर्शियमच्या मागे राज्याचा निधी आहे. भारतात 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांसाठी तीन वर्षांकरता घेतली, तरतूद ६,००० कोटी रुपयांची. तिथे ग्रंथपालाला भागाकार करावाच लागत नाही. हेवा वाटतो.

आणि एक नवा पंथ आहे: वाचण्यावर नव्हे, लिहिण्यावर पैसे. जर्मनीतल्या संस्थांच्या वतीने बोलणी करणाऱ्या डील प्रकल्पाने २०१९ च्या जानेवारीत वायली या प्रकाशकाशी करार केला, त्यात देशातल्या लेखकाच्या, वर्गणीच्या जर्नलांत छापलेल्या प्रत्येक लेखामागे २,७५० युरो आणि त्यातच सगळ्या सहभागी संस्थांना वाचायची मुभा. त्याआधी, २०१४ पासून, कण-भौतिकीसाठी सर्न या युरोपीय संशोधन-संस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्कोप-थ्री या उपक्रमात प्रत्येक देश त्या विषयात जितके लेख लिहितो त्या प्रमाणात भार उचलतो. दिसायला सुंदर. पण यात बोजा सरकतो तो भरपूर लिहिणाऱ्या विद्यापीठांकडे, आणि नुसत्या वाचणाऱ्या कॉलेजांचा हिस्सा घटतो. आम्ही वाचणाऱ्यांतले, म्हणून मला हे मॉडेल आवडायला हवं. आवडतंच. लिहिणाऱ्यांना कसं वाटत असेल ते त्यांच्या ग्रंथपालांनी लिहावं.

थोडक्यात, डोकी मोजण्यावरचा माझा राग ओसरला. सगळ्यांत कमी वाईट तेच आहे. डोकी एका रात्रीत वाढत नाहीत आणि ती वाढवण्यात ग्रंथालयाचा हात नसतो.

टप्प्यांवरचा राग मात्र आहे तिथेच आहे. २,९९९ आणि ३,००१ यांत दोन विद्यार्थ्यांचं अंतर आणि बिलात दरी, हे कुठलं गणित? सरळ प्रमाणात वाटा. कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे असतो.

आता रिन्यूअलची गंमत. करारात ठळक लिहिलं होतं की वार्षिक वाढ ४ टक्क्यांच्या वर जाणार नाही. मी खूश. प्राचार्यांना तोच आकडा सांगून बजेट मंजूर करून घेतलं. बिल आलं तर वाढ साडेसात. कन्सॉर्शियमला विचारलं, तर कळलं की मर्यादा एकूण रकमेवर आहे, प्रत्येकाच्या हिश्श्यावर नाही. एकूण रक्कम ४ टक्केच वाढली होती. पण दोन सभासद बाहेर पडले आणि त्यांचा वाटा उरलेल्यांच्या अंगावर आला, कारण सभासद कमी झाले म्हणून प्रकाशक रक्कम कमी करत नाही. जो सोडून जातो तो आपल्याला त्याचं बिल देऊन जातो. सभासद व्हायच्या आधी हे कलम शोधा, आणि हिश्श्यावरही मर्यादा मागा. मी मागितली नव्हती. मला माहीतच नव्हतं मागता येते.

बाकीचे किती भरतात हे तर विचारायचंच नाही, गोपनीयतेचं कलम आहे. या कलमाचा मला मनापासून तिटकारा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ मध्ये जाहीर केलं होतं की असं कलम असलेल्या करारावर आम्ही सही करणार नाही. २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ थिओडोर बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहिती-अधिकाराचे अर्ज करकरून अमेरिकी विद्यापीठांचे करार बाहेर काढले, तेव्हा दिसलं की साधारण सारख्याच विद्यापीठांनी त्याच गठ्ठ्यासाठी फार वेगवेगळ्या रकमा मोजल्या होत्या. पाणी कुठे मुरतं ते कळलं. पण कॉर्नेलला जे परवडतं ते आमच्यासारख्याला परवडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी बोलणी तोडली, दोन वर्षं कराराविना काढली आणि मार्च २०२१ मध्ये नवा करार करून घेतला. एवढा दम धरायला दहा आवारांचं वजन लागतं. आम्ही चार दिवसांत रडकुंडीला आलो.

एक सुखद धक्काही नोंदवते, नाहीतर नुसती कुरकुर वाटेल. काउंटरचा टीआर-जे४ नावाचा अहवाल वापर प्रकाशन-वर्षानुसार फोडून देतो. सहसा तो कुणी उघडत नाही. मी उघडला तर आमचा निम्म्याहून जास्त वापर पाच वर्षांपेक्षा जुन्या अंकांवर. म्हणजे उद्या करार मोडला तर आम्हाला नवे अंक नसल्याचं दुःख कमी, जुने गेल्याचं जास्त. लगेच कायम-प्रवेशाचं कलम बघितलं. वर्गणी भरलेल्या वर्षांचे अंक करार संपल्यावरही मिळत राहतील असं त्यात आहे, आणि प्रकाशक बुडाला तर पोर्टिको या डिजिटल जतन-सेवेच्या साठ्यातून. हे कलम कन्सॉर्शियमने भांडून घालून घेतलंय. मी एकटीने घेतलेल्या ११ जर्नलांच्या करारात ते नव्हतं. पाच वर्षं पैसे भरून आज त्या अंकांवर माझा काडीचा हक्क नाही. यासाठी कन्सॉर्शियमला पूर्ण मार्क, मदतकक्षाचे कापलेले परत जोडून.

आणि आता ती एकशेचाळीस डोकी.

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षासाठीचा माहिती-तक्ता भरायला आला. दरवर्षी तो आमचं ऑफिस भरतं. यंदा मी स्वतः भरायला घेतला आणि रकान्याचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. 'विद्यार्थिसंख्या (पूर्णवेळ-समतुल्य)'. सायंकाळच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाचे आमचे ५७० विद्यार्थी या हिशेबात तिसऱ्या हिश्श्याने धरायचे असतात, हे खाली बारीक अक्षरात होतंच. म्हणजे १९०. पूर्णवेळ २,५७०. बेरीज २,७६०. टप्पा ब. आमच्या ऑफिसने दोन्ही वर्षं हजेरीपटावरची सगळी नावं मोजून ३,१४० लिहिले होते, आणि त्या तक्त्यावर ग्रंथपाल म्हणून सही माझी होती. पंधरा महिने मी ज्या ओळीला शिव्या घातल्या ती आम्हीच लिहिली होती.

मागचे पैसे परत मागितले. मिळणार नाहीत, भरलेली माहिती वर्षाअखेरपर्यंत बंधनकारक असते. ते ठीक. पुढचं वर्ष तरी ब मध्ये जाईल.

आनंदाच्या भरात ब्लॉकच्या वेळी मदत केलेल्या त्या ग्रंथपालांना फोन करून हे सांगितलं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की एकूण रक्कम ठरलेली आहे, तेव्हा माझं जे कमी होणार ते बाकीच्यांवर चढणार, त्यात तेही आले. मी जरा चाचरले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मॅडम, थांबा जरा. आमच्याही ऑफिसने सगळी डोकीच लिहिलेली दिसतायत."